सातबाऱ्यावरचा शेतकरी जुन्या बाजारात

आमच्या घराच्या मागच्या गॅलरीत गेली कित्येक वर्षे एक पंप पडून आहे. पाच अश्वशक्तीचा, बिडाचा, वरून हिरवागार रंगवलेला. दर दिवाळीच्या साफसफाईत आमची सौ. त्याच्याकडे बोट दाखवून विचारते, "अहो, हे धूड भंगारात कधी द्यायचं?" आणि दर दिवाळीला माझे उत्तर ठरलेले असते, "असू दे. तो माझा गुरू आहे."

या गुरूची कथा सांगण्यापूर्वी शिष्याची ओळख करून द्यायला हवी. छत्तीस वर्षे सरकारी कचेरीत कारकुनी करून मी २०१४ साली निवृत्त झालो. बिऱ्हाड पुण्यात. सासवडच्या पुढे, पुरंदर तालुक्यात आमची वडिलोपार्जित सव्वातीन एकर जमीन आहे. सातबाऱ्यावर नावे दोन, थोरल्या दादाचे आणि माझे. पण हाताला घट्टे आहेत ते फक्त दादाच्या. माझ्या वाट्याला आजवर आली ती फळे : दिवाळीच्या सुमारास सीताफळांची पाटी आणि उन्हाळ्यात अंजिरांची. पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन मिळाले ते २०१६ साली. आमच्या घराने ते मानांकन त्याच्या किती तरी आधी देऊन टाकले होते.

वाचकहो, तुमच्यापैकीही पुष्कळांचे नाव कुठल्या ना कुठल्या सातबाऱ्यावर असेल. बापजाद्यांची दोन-चार एकर जमीन, तिथे राबणारा एखादा भाऊ किंवा चुलतभाऊ, आणि शहरात बसून 'आपणही शेताला काही हातभार लावावा' अशी अधूनमधून उचंबळून येणारी इच्छा! निवृत्तीनंतर ही इच्छा फार बळावते. पेन्शन मात्र तितकीशी बळावत नाही. मग माणूस जुन्या बाजाराकडे वळतो. मीही वळलो.

पाडव्याची भेट

२०१७ सालच्या दिवाळीपूर्वीची गोष्ट. दादाच्या विहिरीवरचा पंप म्हातारा झाला होता. नवा घ्यायचा तर एकोणीस हजारांच्या घरात किंमत जात होती. मी शहरातल्या दुकानांतून हिंडायला लागलो आणि एका दुकानात मला हा हिरवा पंप दिसला. सांगितलेली किंमत नऊ हजार. मी साडेसातवर आणला. दुकानदार म्हणाला, "साहेब, ओरिजिनल कॉपर वायंडिंग आहे. डोळे झाकून न्या." मी खरोखरच डोळे झाकून नेला. बिल मागितले नाही. बिल घेतले तर कर पडेल, असे त्याने सांगितले आणि मला ते पटले.

पाडव्याच्या दिवशी टेंपोतून पंप शेतावर उतरवला. वहिनींनी त्याला हळदकुंकू वाहिले. दादा पंपाभोवती एक फेरी मारून आला आणि एवढेच म्हणाला, "कशाला एवढा खर्च केलास, धाकल्या?" साडेअकरा हजार रुपये वाचवल्याच्या आनंदात मी त्या रात्री घरी चार वेळा हिशेब मांडून दाखवला.

त्यानंतर फोनवर विचारले की दादा म्हणे, "चाललाय झ्याक." मे महिन्यात नातवंडांना घेऊन मी अंजिरे खायला गेलो. पाहतो तो ओसरीवर नेहमीच्या पाट्या नाहीत. झाडे कशीबशी उभी होती, पण फळ नव्हते. मी विचारले तर दादा म्हणाला, "यंदा बहारच हलका आला." दुपारी तो झोपल्यावर वहिनींनी खरे काय ते सांगितले.

"भाऊजी, मोटर दोनदा जळाली. मार्च महिन्यात. फळ फुगायच्या टायमाला नऊ दिवस बागेला पाणी नव्हतं. शेजारच्यांनी दोन वेळा सोडलं, पर तेवढ्यानं काय होतंय? निम्म्याहून जास्त फळ सुरकुतून गळालं."

"पण मला का नाही सांगितलंत?"

"त्यांनीच सांगू दिलं नाही. म्हणले, पोरानं हौसेनं आणलाय. त्याला काय म्हणायचं?"

अडुसष्ट वर्षांच्या दादाने मला, बासष्ट वर्षांच्या माणसाला, पोर म्हटले होते. आणि मी खरोखर पोरपणाच केला होता. संध्याकाळी मी वायंडिंग करणाऱ्या कारागिराकडे गेलो. त्याने जुन्या तारेचे भेंडोळे जपून ठेवले होते. तार तांब्यासारखीच लालसर दिसत होती. त्याने पातीने ती जरा खरवडली. आतून पांढरी! ती ॲल्युमिनियमची तार होती. तिच्यावरचे रोगण तेवढे तांब्याच्या रंगाचे. तीही जाडीला कमी. शेतीची थ्री फेज वीज पाळीपाळीने येते. रात्रीच्या पाळीला सगळ्या शिवारातल्या मोटरी एकदम सुरू होतात आणि दाब उतरतो. दाब उतरला की मोटर जास्त करंट ओढते, तार तापते, आणि बारीक तार ते सोसत नाही. पहिल्यांदा जळाली तेव्हा दादाने घाईघाईत मिळेल त्या तारेने ती भरून घेतली. दुसऱ्यांदा जळाली तेव्हा बेअरिंगही गेल्याचे कळले.

दोन वेळच्या वायंडिंगचे सात हजार. माझे साडेसात हजार. म्हणजे साडेचौदा हजारांत मी दादाला न चालणारा पंप घेऊन दिला होता, आणि बागेचे नुकसान वेगळेच. त्या नुकसानीचा आकडा दादाने मला आजतागायत सांगितलेला नाही.

मी पंप परत आणला आणि दुकानात गेलो. दुकानदाराने थंडपणे विचारले, "बिल आहे का?" तेव्हापासून तो गॅलरीत आहे. पुढच्याच महिन्यात मी पेन्शनीतले पैसे काढून नवा पंप घेतला. पक्के बिल, हमीपत्र आणि आय. एस. आय. ची खूण पाहून. तो अजून चालू आहे.

दादाबरोबर बाजारात

या प्रकरणानंतर मी जुन्या मालाचे नाव टाकले असते. पण दादाच म्हणाला, "जुनं वाईट नसतंय. बघायला यायला पायजे. यापुढं आपण दोघं मिळून जाऊ." आणि आम्ही दोघे भाऊ म्हातारपणी बाजार हिंडायला लागलो. मला शहरातल्या जागा ठाऊक, त्याला वस्तू ठाऊक.

पुण्याच्या मंगळवार पेठेतला जुना बाजार पुणेकरांना सांगायला नको. रविवारी आणि बुधवारी तिथे पाने, पक्कडी, फावडी, साखळ्या, कुलुपे, जुनी अवजारे यांचा सडा पडलेला असतो. लाकडासाठी भवानी पेठेतले टिंबर मार्केट आहे. मुंबईकरांना चोर बाजारातली मटन स्ट्रीट ठाऊक असते ती शोभेच्या जुन्या वस्तूंसाठी; पण पंप, पाइप आणि हत्यारांसाठी नागदेवी स्ट्रीट आणि जुन्या दारांसाठी जोगेश्वरीचा ओशिवरा भाग हिंडावा. त्याहून मोठी हौस असेल तर गुजरातेत भावनगरजवळ अलंगला जावे. १९८३ पासून तिथे जुनी जहाजे मोडली जातात आणि त्यांतून निघालेल्या दोरखंडांपासून खुर्च्यांपर्यंत सारे रस्त्याच्या कडेच्या दुकानांत विकायला मांडलेले असते. सरकारी खात्यांचा मोडीत काढलेला माल ई-लिलावात विकला जातो. त्यासाठी १९६४ साली स्थापन झालेली एम. एस. टी. सी. ही सरकारी कंपनी आहे. पण तिथे आधी नाव नोंदवावे लागते, अनामत भरावी लागते आणि लॉट घ्यावा लागतो तो अख्खा. चार पत्रे हवेत म्हणून चारशे घेण्यात अर्थ नाही.

पहिल्याच रविवारी दादाने मला एक धडा दिला. मी एका चकचकीत फवारणी पंपाकडे वळलो तर त्याने माझा दंड धरला. "रंग बघू नको. जुन्या वस्तूला नवा रंग म्हणजे म्हाताऱ्या नवरदेवाचा कलप. रंग कशाला दिला ते विचार." त्या दिवशी आम्ही साडेतीन तास हिंडलो आणि घेतले काय, तर एक पाइप पाना आणि दोन खुरपी. मला वाटले, दिवस फुकट गेला. दादा म्हणाला, "धा वस्तू बघून एक घ्यायची. नऊ सोडल्या तेवढे पैसे वाचले."

काय घ्यावे, कसे पाहावे

पुढच्या चार-पाच वर्षांत दादाने जे शिकवले ते माझ्यासारख्या शहरी वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून इथे मांडतो.

पत्रे. जुना जस्ताचा पत्रा दुरून पाहू नये. तो डोक्यावर उन्हात आडवा धरावा आणि खालून पाहावे. बारीकसारीक भोके चांदण्यांसारखी दिसतात. खिळ्यांची भोके बुजवता येतात, पण पन्हळीच्या खोलगट भागात गंज धरला असेल तर तो पत्रा सोडावा, कारण पाणी तिथूनच वाहते. गेजचा आकडा उलटा चालतो हे ध्यानात ठेवा. चोवीस गेजचा पत्रा सव्वीसपेक्षा जाड असतो. मी कित्येक दिवस सव्वीसला अधिक पैसे द्यायला तयार होतो! सिमेंटचे जुने पत्रे फार स्वस्त मिळतात, पण त्यांत बहुधा ॲसबेस्टॉस असते. ते फुटले किंवा कापले की त्याची धूळ फुफ्फुसात जाते आणि त्यातून कर्करोग होऊ शकतो. ते फुकट मिळाले तरी घेऊ नका.

पाइप. लोखंडी जी. आय. पाइपचे तीन वर्ग असतात आणि नव्या पाइपवर त्यांची ओळख रंगाच्या पट्ट्याने पटते : हलक्याला पिवळा, मध्यमाला निळा, जडाला तांबडा. जुन्यावर पट्टा उडालेला असतो. म्हणून एका टोकाने उजेडाकडे पाहावे, आत क्षारांची पुटे किती ते दिसते. मग आटे बोटाने चाचपावेत. आटे झिजले असतील तर तेवढा तुकडा कापावा लागणार, तेवढी लांबी किमतीतून वजा.

पंप. जुना घ्यायचाच झाला तर प्रथम त्याच्यावरची पाटी वाचा. पाटीच नसेल तर पुढे चला. पाटीवर हेड आणि अँपिअर लिहिलेले असतात. पंप चालू करून टाँग टेस्टरने करंट मोजायला सांगा. पाटीपेक्षा जास्त ओढत असेल तर आत काहीतरी आजार आहे. बंद पंपाचा दांडा हाताने हलवून पाहा. खुळखुळला तर बेअरिंग गेली. आणि तार खरवडून पाहा, हे मी सांगायला नकोच! आणखी एक गोष्ट. वर बसवलेला पंप खालून पाणी ओढतो तो हवेच्या दाबाच्या जोरावर. पुस्तकात ती मर्यादा दहा मीटरच्या थोडी वर असली, तरी प्रत्यक्षात सहा-सात मीटरच्या पलीकडे भरवसा नाही. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी खाली गेले की पंपाला दोष देण्याआधी तो खाली उतरवायला हवा.

लाकूड. पेठांतले वाडे पडत आहेत आणि त्यांचे सागवान बाजारात येत आहे. दारे, चौकटी, तुळया, सारे मिळते. लाकूड घनफुटावर विकतात. हिशेब सोपा आहे : लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत, तिघांचा गुणाकार करून १४४ ने भागायचे. सात फूट लांब, पाच इंच रुंद, तीन इंच जाड तुळई म्हणजे पाऊण घनफुटाला किंचित कमी. हा हिशेब खिशातल्या कागदावर स्वतः करावा. दुकानदार तोंडी करतो तेव्हा पाव घनफूट सहज वाढते. लाकडावर किल्लीने टकटक करावी. भरीव आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर वाळवी. खाली भुसा पडलेला असेल तर टकटक करण्याचीही गरज नाही. आणि दार घेतल्यावर भिंत बांधावी, भिंतीच्या मापाचे दार शोधत बसू नये.

फ्लेक्स. ताडपत्रीला हा गरिबाघरचा पर्याय आहे. निवडणुका आणि वाढदिवस आटोपले की चौकाचौकांतले फलक उतरतात आणि किलोवर मिळतात. आमच्या कडब्याच्या गंजीवर गेल्या पावसाळ्यात एक पुढारी हात जोडून हसत उभे होते. दादा म्हणाला, "पैल्यांदाच कामाला आले."

वजनावर घ्यायच्या मालाला एक पथ्य आहे. तराजू असेल तर आधी रिकाम्या पारड्यांचा धडा पाहावा. विजेचा काटा असेल तर आकडा शून्यावर आहे ना ते पाहावे. आम्ही बरोबर दोन किलोचे वजन नेतो आणि तेच आधी काट्यावर ठेवतो. दुकानदार रागावत नाही. गिऱ्हाईक जाणते आहे एवढे त्याला कळते आणि भावही जरा सरळ होतो.

काय घेऊ नये

काही वस्तू कितीही स्वस्त असल्या तरी जुन्या किंवा सुट्या घेऊ नयेत. बियाणे सीलबंद पिशवीतलेच घ्यावे, आणि पिशवी व पावती पीक हाती येईपर्यंत ठेवावी. उगवले नाही तर तक्रारीला तोच आधार. मुदत संपलेले औषध घेऊ नये. कीटकनाशकांचे रिकामे डबे आणि पिंपे तर मुळीच नकोत. ती फोडून पुरून टाकावीत असे १९७१ च्या कीटकनाशक नियमांतच आहे. तरी ती धुऊन पुसून पाण्याला विकणारे भेटतात. पिंप घेताना आत पूर्वी काय होते हे विचारावे, आणि उत्तर पटले नाही तर त्यात पाणीही भरू नये, धान्यही नाही. ठिबकच्या वापरलेल्या नळ्या घेऊ नयेत. उन्हाने त्या कडक होतात आणि छिद्रे क्षारांनी बुजलेली असतात. शिवाय ठिबक नवीनच स्वस्त पडते. केंद्राच्या योजनेत अल्प आणि अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के, इतरांना ४५ टक्के अनुदान आहे. त्यात राज्याची भर वेगळी. जुने स्वस्त म्हणून धावण्याआधी नव्याला अनुदान आहे का, हे तालुक्याच्या कृषी कार्यालयात विचारावे.

आणि एक वस्तू घेऊ नये ती वेगळ्याच कारणासाठी. एकदा एका बाजारात एका पोराने आम्हांला तांब्याची केबल दाखवली. चांगली साठ-सत्तर फूट, भाव निम्म्याहून कमी. माझा हात खिशाकडे गेला. दादाने केबलचे टोक हातात घेतले. ते करवतीने नव्हे, कुऱ्हाडीने तोडलेले होते. त्याला चिकटलेली माती अजून ओली होती. दादाने ते खाली ठेवले आणि चालू लागला. बरेच पुढे गेल्यावर म्हणाला, "कुणाच्या तरी विहिरीवरची हाय ती. आज रातच्याला तिथं पाणी न्हाई."

चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा गुन्हा आहेच. कायदा पूर्वीही होता, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेतही आहे. पण दादाला कायद्याची आठवण झाली नव्हती. त्याला नऊ दिवस पाणी नसलेली बाग आठवली होती. तेव्हापासून मी बिल मागतो आणि बिल नसेल तर निदान विकणाऱ्याची सही, पत्ता आणि मालाचे वर्णन असलेला कागद मागतो. कागद द्यायला जो कां कूं करतो त्याचा माल आपला नव्हे.

ट्रॅक्टरची हौस

२०२१ साली पुतण्याने जुना ट्रॅक्टर घ्यायचे मनात घेतले. आम्ही तिघे पाहायला गेलो. मालकाने इंजिन आधीच चालू करून ठेवले होते. दादाने बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाला, "उद्या सकाळी येतो. गार असताना चालू करून दाखवा." दुसऱ्या दिवशी तो सहज सुरू झाला नाही, आणि झाला तेव्हा निळसर धूर सोडू लागला. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. लिफ्टवर नांगर उचलून इंजिन बंद केले तर नांगर पाहता पाहता खाली बसला. म्हणजे हायड्रॉलिकही थकलेले. तासांचा आकडा थोडा दाखवत होता, पण क्लचच्या पायपट्टीवरचे रबर गुळगुळीत झाले होते. आकडा खोटे बोलतो, पायपट्टी बोलत नाही.

कागदपत्रे पाहण्याचे काम माझे. छत्तीस वर्षे मी दुसरे केले तरी काय होते? नोंदणी पुस्तकावर बँकेचा बोजा तसाच होता. बोजा उतरवायला पस्तीस नंबरचा फॉर्म लागतो, मालकी बदलायला एकोणतीस आणि तीस नंबरचे. मालक म्हणाला, "ते नंतर करू." नंतर म्हणजे कधीच नाही, हे कारकुनाइतके कुणाला ठाऊक असणार? ज्याच्या नावावर कर्ज, त्याचा ट्रॅक्टर बँक केव्हाही ओढून नेऊ शकते.

परतताना पुतण्याचे तोंड उतरले होते. मी घरी बसून त्याच्यासमोर हिशेब मांडला. आमच्या सव्वातीन एकरांना वर्षाकाठी ट्रॅक्टर लागणार फार तर पंचवीस-तीस तास. तेवढे काम भाड्याने करून घेतले तर कर्जाच्या व्याजाइतकाही खर्च येत नव्हता. सर्वांत स्वस्त ट्रॅक्टर म्हणजे शेजाऱ्याचा! पुतण्याला ते पटायला एक पावसाळा लागला.

हल्ली मोबाइलवरही जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. पुतण्या तिथे हिंडतो. त्याला मी दोनच गोष्टी बजावल्या आहेत : वस्तू हाताने पाहिल्याशिवाय आगाऊ पैसे पाठवायचे नाहीत, आणि आपण विकणारे असताना कुणी 'पैसे घेण्यासाठी पिन टाका' म्हणाला तर फोन ठेवून द्यायचा. पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायला लागते.

अखेरचा हिशेब

२०२२ साली आम्ही दोघांनी मिळून शेतावर गोठ्याला जोडून एक शेड उभी केली. बावीस जुने पत्रे, दर साडेचारशे. अँगल आणि पाइप मिळून तीनशे दहा किलो, अठ्ठेचाळीस रुपये किलोने. पेठेतल्या एका पडलेल्या वाड्याचे सागवानी दार चौकटीसह साडेसहा हजार. वेल्डिंग आणि मजुरी बारा हजार, वाहतूक बत्तीसशे. एकूण छेचाळीस हजार चारशे ऐंशी रुपये. नव्या मालाची शेड बांधून देणाऱ्याने एक्याऐंशी हजार सांगितले होते. वाचलेल्या चौतीस हजारांत आमच्या हिश्शाची रक्कम भरून अंजिराला ठिबक केले. ते मात्र नवे!

या वेळचा हिशेब मी रात्री चार वेळा मांडून दाखवला नाही. एकदाच मांडला आणि दादाच्या हाती दिला. त्याने चष्मा लावून तो सगळा वाचला, घडी करून बंडीच्या खिशात ठेवला आणि म्हणाला, "बरं झालं." छत्तीस वर्षांत साहेबांचा इतका चांगला शेरा मला मिळाला नव्हता.

जुन्या मालात पैसे वाचतात, यात शंका नाही. पण ते वाचतात जाणत्या हाताने निवडले तर, आणि जिथे वस्तू बिघडली तरी पीक बुडणार नाही अशा ठिकाणी वापरली तर. पत्रा गळला तर खाली बादली ठेवता येते. मार्चात पंप बंद पडला तर बादली पुरत नाही. ज्याच्यावर वर्षाचे अन्न अवलंबून आहे ते नवे घ्यावे. बाकीचे जुने चालेल. आणि शहरातून शेताला काही द्यायचे असेल तर जो तिथे राबतो त्याला आधी विचारावे. एवढी साधी गोष्ट कळायला मला साडेचौदा हजार रुपये आणि दादाचा एक बहार मोजावा लागला.

काल पुतण्या सीताफळांची पाटी ठेवून गेला. पाटीवर फ्लेक्सचा तुकडा बांधला होता. रात्री दादाचा फोन आला.

"धाकल्या, सीताफळं पोचली का? अंजिराचं यंदा बरं दिसतंय. चैत्रात पोरांना घेऊन ये."

"येतो की! येताना काय आणू?"

दादा जरा थांबला. मग म्हणाला, "काही आणू नको. तू ये."